स्टीफन्सची ओढाताण की कॉलिन्सचं कर्ज? लघुप्रबंधासाठी कोणता काळ घ्यावा

आयर्लंडच्या गुप्त क्रांतिकारी चळवळीचा पैसा हा विषय एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी घ्यायचा ठरवलात, तर दोन काळ समोर येतात. एक जेम्स स्टीफन्सचा, १८५८ ते १८६७. दुसरा मायकेल कॉलिन्सचा, १९१९-२०. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणारी आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड ही गुप्त संघटना दोन्हीकडे आहे आणि अमेरिकेतल्या आयरिश लोकांच्या खिशावर भिस्तही दोन्हीकडे आहे. तरी मला हे दोन विषय एका तोलाचे वाटत नाहीत.

चणचण हाच तुमच्या कुतूहलाचा गाभा असेल, तर स्टीफन्सकडे जा. १८५८च्या सुरुवातीला त्यानं न्यूयॉर्कला निरोप धाडला: तीन महिने दरमहा ८० ते १०० पौंड द्या, तेवढ्या अवधीत मी १० हजार माणसं उभी करतो, त्यांतल्या सुमारे दीड हजारांकडे बंदुका असतील. निरोप घेऊन गेला जोसेफ डेनीफ, पेशानं शिंपी. १७ मार्चला तो डब्लिनला परतला तेव्हा सोबत होते फक्त ८० पौंड. शिवाय बातमी वाईट होती. तिकडे संघटना अशी नव्हतीच, एकमेकांच्या ओळखीतली थोडी मंडळी होती. हे कळल्यावरही स्टीफन्सनं त्याच संध्याकाळी शपथा घेऊन ब्रदरहुड सुरू केली. या निर्णयापाशी माझं मन दरवेळी अडतं. जेमतेम महिनाभराचा पैसा हातात, आणि समोर ब्रिटिश साम्राज्य!

पुढची कितीतरी पावलं या तुटीनंच उचलायला लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स स्वतः अमेरिकेला पैसे गोळा करायला गेला. १८६३च्या नोव्हेंबरात ‘आयरिश पीपल’ हे साप्ताहिक निघालं. विचारप्रसार हा हेतू होताच, पण त्यातून चार पैसे सुटतील अशी आशाही होती. गुप्त संघटनेनं राजधानीत, पार्लमेंट स्ट्रीटवर, उघड कचेरी थाटली. तिथेच काम करणारा पिअर्स नेगल पोलिसांना खबरा देत होता. १५ सप्टेंबर १८६५ला छापा पडला आणि लुबी, ओ'डोनोव्हन रोसा, ओ'लिअरी हे बिनीचे लोक पकडले गेले. पैशाची निकड आणि गुप्ततेचा भंग यांचा असा थेट सांधा कॉलिन्सच्या काळात मला दिसत नाही.

अमेरिकेतल्या फेनियन ब्रदरहुड या सहकारी संघटनेत १८६५च्या अखेरीस फूट पडली. १८६६च्या रोख्यांवर वचन छापलं होतं: आयर्लंडच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाल्यावर सहा महिन्यांनी परतफेड, ६ टक्के व्याजासह. त्या संघटनेचा प्रमुख जॉन ओ'माहनी १८७७मध्ये न्यूयॉर्कला हलाखीत वारला.

कॉलिन्सचा प्रश्न वेगळा. त्याच्याकडे पैसा आला, तो लपवायचा कुठे ही विवंचना होती. डॉइलचा, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या संसदेचा, अर्थमंत्री म्हणून त्यानं अडीच लाख पौंडांचं कर्ज उभारायला घेतलं आणि बंदी असतानाही सुमारे ३ लाख ७० हजार जमले. अमेरिकेतून ५० लाख डॉलरच्या वर आले. बँकखात्यांचा माग काढणारे दंडाधिकारी अॅलन बेल यांना मार्च १९२०मध्ये ट्राममधून उतरवून गोळ्या घातल्या गेल्या. हा विषय हिशेबाचा, शिस्तीचा आणि हिंसेचाही आहे. टंचाईचा मात्र नाही.

साधनांच्या बाबतीत कॉलिन्सचं पारडं जड आहे. ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी या आयरिश सरकारी संस्थेनं नोंदवलेल्या सहभागींच्या साक्षी इंटरनेटवर फुकट वाचता येतात. स्टीफन्सच्या काळासाठी आठवणींवर आणि पत्रांवर विसंबावं लागतं. आठवणी लिहिणारे पुष्कळदा जुनी भांडणं उकरतात, म्हणून प्रत्येक आकडा दुसरीकडे पडताळून घ्यावा लागतो.

एकाच सत्रात काम संपवायचं असेल, तर कॉलिन्स घ्या. वर्षभराची सवड असेल, तर स्टीफन्सच घ्या, आणि सुरुवात डेनीफच्या आठवणींपासून करा.