द्राक्षबागेचं विद्राव्य खत रीफ टँकला: सहा महिन्यांच्या वापरानंतर

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असं दिसलं की वाटतं, पाणी किती स्वच्छ! माझ्या २०० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हे आकडे टिकून राहिले, तसे झोआ (हे, झेनिया आणि लेदर हे कोरलचे प्रकार) मिटून बसायला लागले, झेनिया बारीक झाली आणि लेदर कोरलचा रंग उतरला. वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर यायचा. दुपारनंतर दाट, सकाळी लाईट लागायच्या आधी जवळजवळ गायब. हे डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. दोन्ही पोषकं तळाला गेली आणि इतर शेवाळ उपाशी पडलं की यांचं फावतं.

कोरलच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. समुद्रातल्या रीफवरही पाण्यात ही द्रव्यं अगदी कमी असतात, पण तिथे प्लवक सतत वाहत येतं. घरच्या टाकीत मासे दोन, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) तगडा, सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टर टाकीत, पोषकं शोषणाऱ्या कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता. मग उरणार काय?

खाणं वाढवून, स्किमर रात्री बंद ठेवून पाहिलं. आकडा हलला नाही. नायट्रेट-फॉस्फेटच्या तयार बाटल्या मिळतात, पण मागवायच्या आणि वाट बघायची. सांगलीत मात्र कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट मिळतं. तासगाव-मिरजेकडचे बागायतदार हीच खतं ठिबकमधून सोडतात. दुकानदाराने विचारलं, "पावणं, बाग किती एकर?" मी खरं सांगितलं, तर त्यांनी उत्सुकतेने टाकीचे फोटो बघितले.

पाकीट घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेलं खत नको. त्यात तांबं असतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायींना तांबं विषारी. साधं, बिनरंगी, एकाच क्षाराचं पाकीट घ्या. तरी हे शेतीच्या दर्जाचं खत आहे, प्रयोगशाळेतलं रसायन नाही. म्हणून पहिले काही आठवडे मी निम्म्याच मात्रेवर राहिलो.

एक लिटर आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात ५० ग्रॅम १३:००:४५ घातलं की ७ मिलिलिटरने माझ्या टाकीत नायट्रेट साधारण १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) चढतं. फॉस्फेटसाठी वेगळी बाटली, लिटरला ५ ग्रॅम. त्यातले सुमारे १.२ मिलिलिटर म्हणजे ०.०२ पीपीएम. एका दिवसात याच्यापुढे जात नाही.

नायट्रेट लगेच वाचनात आलं. फॉस्फेटने मात्र जीव खाल्ला. संध्याकाळी घालावं, सकाळी परत शून्य. कारण टाकीतले दगड आणि अॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू आधी स्वतः फॉस्फेट धरून घेतात; त्यांचं पोट भरल्यावरच ते पाण्यात दिसतं. इथे कंटाळून मात्रा दुप्पट करू नये, कारण तेच दगड पुढे फॉस्फेट परत सोडतात. कमी पातळी मोजणारा डिजिटल फॉस्फेट चेकर नसेल तर या भानगडीत पडूच नका, रंग जुळवायच्या किटवर ०.०३ आणि ०.०८ मधला फरक कळत नाही.

आता नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५ ते ०.०८. काचेवर हिरवी पापडी येते, ती मला हवीच होती. वाळूवरचा तपकिरी थर आधी विरळ झाला, मग गेला. मधे एकदा डोकं वर काढलं, तेव्हा फॉस्फेट परत खाली आलेलं होतं. झोआंना नवी तोंडं फुटली आहेत. लेदरचा रंग सगळ्यात उशिरा भरला, पण भरला.

एक हिशेब ठेवावा लागतो. १३:००:४५ मधून १ पीपीएम नायट्रेट घातलं की सुमारे ०.६ पीपीएम पोटॅशियमही जातं. समुद्राच्या पाण्यात ते ४०० च्या जवळपास असतं, त्यामुळे थोड्याने बिघडत नाही. पण नायट्रेट खपतं आणि पोटॅशियम साठत राहतं. म्हणून दर महिन्याचा पाणीबदल मी चुकवत नाही, आणि पुढची बाटली सोडियम नायट्रेटची करणार आहे.