गुगल ट्रेंड्स: कामाचं आहे, पण आधी तो १०० चा आकडा समजून घ्या

गुगलवर एखाद्या शब्दाचा शोध कधी आणि कुठे वाढला-घटला ते ग्राफ आणि नकाशावर दाखवणारं गुगल ट्रेंड्स मी कामासाठी सतत वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं. फुकट आहे, २००४ पासूनचा डेटा मिळतो, पाच शब्द शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, फक्त महाराष्ट्र किंवा फक्त गोवा असंही निवडता येतं, वर सगळं डाउनलोडही होतं.

पण बरेच जण ग्राफ चुकीचा वाचतात. ० ते १०० हा सर्चचा आकडा नाहीये, तुम्ही निवडलेल्या काळात तिथल्या एकूण सर्चमध्ये त्या शब्दाचा वाटा जेव्हा सगळ्यात जास्त होता तिथे १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात, त्यामुळे तुलनेने कमी लोक शोधतात अशा शब्दालाही कुठेतरी १०० मिळतातच. पटत नसेल तर त्याच्या शेजारी 'क्रिकेट' टाका, पहिली रेघ पार तळाला जाऊन चिकटते. नकाशाचंही तेच, गडद रंग म्हणजे तिथे जास्त माणसं शोधतायत असं नाही, वाटा जास्त एवढंच, म्हणून इवलंसं गोवा महाराष्ट्राच्या वर दिसू शकतं.

आणि शोधलं म्हणजे आवडलं असं कुठंय? दहावीचा निकाल २०२१ मध्ये १६ जुलैला लागला, २०२४ मध्ये २७ मेला, 'दहावी निकाल'ची उसळी त्या तारखेबरोबर सरकते कारण तेव्हा घरोघरी लोकांना मार्क बघायचे असतात. निवडणुकीत एखाद्या नेत्याची रेघ वर गेली की लगेच 'लोकप्रियता वाढली' म्हणून सांगतात त्याचा मला खरंच राग येतो, अहो वादग्रस्त बोलला, अटक झाली तरी लोक शोधतातच की!

खुद्द गुगल यात तोंडघशी पडलंय. सर्चवरून फ्लूची साथ ओळखायला त्यांनी २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स काढलं, २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत त्याचा अंदाज तिथल्या सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला, बातम्या बघून धडधाकट माणसंही फ्लू शोधत होती हे त्याचं एक कारण मानतात. २०१५ मध्ये ते बंदच केलं.

मराठीत काम करणाऱ्यांनी अजून एक बघा, 'गणपती आरती' देवनागरीत टाकलं की एक रेघ, रोमनमध्ये टाकलं की दुसरी, आणि स्पेलिंग बदललं की तिसरी. 'विषय' असा पर्याय दिसला तर तो घ्या, त्यात बरीचशी रूपं एकत्र धरतात. २०१६ आणि २०२२ च्या सुरुवातीला ग्राफवर बारीक टीप दिसते, तिथे डेटा गोळा करायची पद्धत बदललीये, तेव्हा त्या जागची उडी लोकांच्या माथी मारू नका.

मोदकाचे साचे, रेनकोट असलं सीझनचं काही विकत असाल तर बिनधास्त वापरा, मागणी कधी वाढायला लागते ते यात छान कळतं. ५ पैकी ४ स्टार. एक कापला कारण एकूण किती सर्च झाले तो आकडा हे शेजारी दाखवतच नाहीत आणि निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो.