‘हांग’ घेण्यासाठी जमवलेले पैसे मी कसे गमावले

मी तालवाद्ये वाजवते. ‘हांग’ नावाचे एक दुर्मीळ वाद्य विकत घेण्यासाठी मी 64 जणांकडून पैसे गोळा केले आणि ते सगळे, त्यात माझी स्वतःची बचत घालून, एका भामट्याच्या खात्यात भरले. या घटनेला आता दीड वर्ष झाले. इतके दिवस मी लिहिले नाही, कारण लाज वाटत होती. पण गेल्या काही महिन्यांत आणखी दोन वादकांनी जवळजवळ हाच अनुभव मला सांगितला, तेव्हा घडले ते सविस्तर लिहून ठेवले पाहिजे असे वाटले.

आधी वाद्याविषयी सांगते, कारण फसवणुकीचे निम्मे बळ त्या वाद्याच्या दुर्मीळपणातच होते. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी 2000 साली हांग घडवले. त्रिनिदादच्या स्टीलपॅनवर, म्हणजे पोलादी पिंपापासून घडवलेल्या तालवाद्यावर, त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि घटम या दक्षिणेकडील मातीच्या घड्यासारखे हाताने वाजवायचे पोकळ वाद्य पोलादातून करता येईल का, या विचारातून हे नवे वाद्य जन्माला आले. पोलादी पत्र्याचे दोन खोलगट भाग कडेला एकमेकांना चिकटवलेले असतात. वरच्या भागाच्या मध्यभागी घुमटासारखा उंचवटा असतो, त्याला ‘डिंग’ म्हणतात, आणि त्याच्याभोवती सात किंवा आठ स्वरांच्या जागा असतात. प्रत्येक जागा हातोडीने ठोकून अशी जुळवलेली असते की मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर आणि त्याच्याही वरचा पंचम एकदम बोलतो. बोटाने नुसता स्पर्श केला तरी तीन पदरांचा नाद उठतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा बराच वेळ काही बोलूच शकले नव्हते.

सुरुवातीची काही वर्षे सोडली तर हे वाद्य दुकानात मिळत नसे. ज्याला हवे असेल त्याने बर्नला पत्र लिहायचे, बोलावणे येण्याची वाट पाहायची आणि स्वतः जाऊन वाद्य आणायचे, अशी पद्धत होती. 2013 च्या अखेरीस ते घडवणे थांबले. त्याच जातीची वाद्ये ‘हँडपॅन’ या नावाने आज अनेक कारागीर घडवतात आणि त्यांतली कित्येक फार उत्तम असतात, पण मला मूळ हांगच हवे होते. जी वस्तू आता नव्याने तयार होत नाही, जी विकणारे थोडे आणि मागणारे पुष्कळ आहेत, तिच्या बाजारात भामट्यांचा सुळसुळाट असणारच, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

माझ्या एकटीच्या कमाईत ते बसणारे नव्हते म्हणून मी जाहीर आवाहन केले. कोणते वाद्य हवे आहे, कोणत्या स्वररचनेचे हवे आहे, त्यावर मी काय वाजवणार आहे आणि कोणत्या महिन्यातल्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा वाजवायचे आहे, हे सगळे मी मोकळेपणाने लिहिले. किती रक्कम जमली याचा आकडा दर आठवड्याला जाहीर करत होते, कारण पैसे देणाऱ्यांना हिशेब दिसला पाहिजे अशी माझी धारणा होती आणि ती आजही आहे. परंतु ते आवाहन देणगीदारांपेक्षाही बारकाईने कोणी वाचले असेल तर ते त्या भामट्याने. हिला नेमके काय हवे आहे, हिच्याकडे किती पैसे आहेत आणि हिला किती घाई आहे, या तिन्ही गोष्टी मीच त्याला सांगून ठेवल्या होत्या. त्याला फक्त त्या मापाची गोष्ट रचायची होती.

रक्कम पूर्ण झाल्यावर चौथ्या दिवशी त्याचा संदेश आला. आपल्या भावाचे हांग आहे, भावाच्या मनगटाला दुखापत झाल्यामुळे त्याला आता वाजवता येत नाही, आणि ते एखाद्या शोकेसमध्ये जाण्यापेक्षा खऱ्या वादकाच्या हाती जावे अशी इच्छा आहे, असे त्याने लिहिले होते. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, माझ्याकडे जमलेल्या रकमेपेक्षा किंचितच कमी होती. त्याने सांगितलेली स्वररचनाही मी आवाहनात लिहिली होती तीच होती. मी याला योगायोग मानले, आणि एका कमकुवत क्षणी तर चक्क नशीब मानले.

मी ध्वनिचित्रफीत मागितली आणि ती दुसऱ्याच दिवशी आली. वाद्य मांडीवर, चौकटीत फक्त दोन हात, खिडकीतून येणारा उजेड. या चित्रफितीबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण फसवणूक तिच्यात उघडी पडलेली होती आणि मी ती ऐकलीही होती. डिंगचा स्वर षड्ज धरला तर त्या हांगमध्ये पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद, वरचा षड्ज, रिषभ, कोमल गंधार आणि वरचा पंचम एवढेच स्वर होते. आसावरी थाटाची आठवण व्हावी अशी ती रचना, फक्त मध्यम नाही. हांगचे स्वर घडवतानाच कायमचे ठरतात, वादकाला ते वर-खाली करता येत नाहीत. आणि चित्रफितीत साधारण चाळीसाव्या सेकंदाला मला स्पष्टपणे शुद्ध गंधार ऐकू आला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी लगेच स्वतःची समजूत घातली की या वाद्यात प्रत्येक स्वराबरोबर वरचे स्वरही बोलतात, त्यांपैकीच एखादा असेल. नंतर, सगळे हातचे गेल्यावर, मी कागद घेऊन बसले आणि एकेका स्वराला षड्ज धरून त्याचा पंचम मांडला. षड्जाचा पंचम, पंचमाचा रिषभ, कोमल धैवताचा कोमल गंधार, कोमल निषादाचा मध्यम, रिषभाचा शुद्ध धैवत, कोमल गंधाराचा कोमल निषाद. शुद्ध गंधार कुठेच येत नाही. चित्र एका वाद्याचे होते आणि आवाज दुसऱ्याच वाद्याचा चिकटवलेला होता. पाच मिनिटांचे हे गणित मी आधी केले असते तर एवढेच पुरले असते. मला येत नव्हते म्हणून नव्हे, तर उत्तर काय येईल याची भीती होती म्हणून मी ते केले नाही. 64 जणांना ‘वाद्य मिळाले’ असे कळवायला मी अधीर झाले होते, आणि दुसऱ्यांचे पैसे हाती असताना ही अधीरता फार घातक ठरते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगते. दुसरा एक गिऱ्हाईक मागे लागला आहे, असे सांगून त्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आणि ती मी थेट बँक खात्यात भरली. खात्यावरचे नाव त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हते, ते मेहुण्याचे खाते असल्याचे त्याने सांगितले. मग वाहतूक कंपनीच्या संकेतस्थळाचा दुवा आला, त्यावर माझ्या पार्सलचा क्रमांक टाकला की ते कुठवर पोहोचले तेही दिसत असे. उरलेली रक्कम भरल्यावर पार्सल ‘निघाले’, आणि दोन दिवसांनी ‘अडकले’. नाजूक वाद्य असल्यामुळे विमा सक्तीचा आहे, वाद्य हाती पडताच विम्याची रक्कम परत मिळेल, असे पत्र आले. तीही भरली. त्यानंतर आयात शुल्काची मागणी आली, तेव्हा माझ्याकडे भरायला काही उरलेच नव्हते. मी तसे कळवले आणि त्या दिवसापासून उत्तरे बंद झाली.

त्या रात्री मी वाद्याचे छायाचित्र इंटरनेटवर चित्रावरून शोधले. तेच छायाचित्र, तीच खिडकी, काही वर्षांपूर्वीच्या एका जुन्या जाहिरातीत होती. वाहतूक कंपनीच्या संकेतस्थळाची नोंदणी मला पहिला संदेश येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी झाली होती. सकाळी बँक उघडताच गेले आणि तिथूनच पोलिसांत तक्रार केली. पहिला भरणा होऊन तोवर तीन आठवडे लोटले होते आणि खाते रिकामे झालेले होते. अशा प्रकारात पहिले काही तासच हाती असतात. शंका येताच, खात्री होण्याची वाट न पाहता बँकेला कळवा.

देणगीदारांना सांगणे हे सर्वांत कठीण काम होते. मी प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिले, भरण्याच्या पावत्या जोडल्या आणि पैसे परत करीन असे लिहिले. बहुतेकांनी समजून घेतले. एका गृहस्थांनी मीच पैसे खाल्ल्याचा आरोप केला आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांच्याजवळ माझ्या शब्दाखेरीज काय होते? माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, मी परत घेण्यासाठी दिले नव्हते.” तिचे पैसे मी सर्वांत आधी परत केले.

एवढ्यावर संपले नाही. महिन्याभराने एकाने संपर्क साधला, की बुडालेले पैसे शोधून काढणारी आमची संस्था आहे, थोडे नोंदणी शुल्क भरा. ज्याला एकदा गंडवले त्याचे नाव आणि पत्ता पुढे विकला जातो, हे मला पोलिसांकडून कळले. या वेळी मी गप्प बसले नाही, तो संदेश तसाच तक्रारीला जोडला.

कोणी आज अशा वाद्यासाठी पैसे जमवत असेल तर माझे कळकळीचे सांगणे आहे की जमलेल्या रकमेचा हिशेब देणाऱ्यांना द्या, पण चारचौघांत आकडा आणि मुदत जाहीर करू नका. विक्रेत्याला तयार चित्रफीत मागू नका, समोरासमोर व्हिडिओ कॉल करायला लावा आणि तेव्हाच्या तेव्हा सांगा की डिंग वाजवा, आता डावीकडचा तिसरा स्वर, आता वाद्य उलटे करून खालचे तोंड दाखवा. ज्याच्याकडे वाद्य आहे त्याला यात अडचण काहीच नसते. शक्य असेल तर त्याच्या गावातल्या एखाद्या वादकाला प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची विनंती करा, वादक एकमेकांसाठी एवढे करतात. पैसे अशा मार्गानेच द्या की माल हाती येईपर्यंत ते तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे राहतील. आणि पैसे भरण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नका. देणगीदारांपैकी दोघांना आधी सगळा पत्रव्यवहार दाखवा. मी तो दाखवला असता तर त्या मेहुण्याच्या खात्यापाशीच कोणीतरी मला थांबवले असते.

पोलिसांचा तपास अजून चालू आहे. 64 पैकी 41 जणांचे पैसे मी परत केले आहेत. उरलेल्या 23 जणांची यादी माझ्या टेबलावर काचेखाली आहे आणि दर महिन्याला त्यातले एक किंवा दोन नाव कमी होते.