भिंतीतली भर दिसली पाहिजे होती, दुसऱ्या वेळी दिसली

पोवई नाक्याजवळच्या एका फोटो लॅबमधून १८ बाय २४ इंचाची प्रिंट फ्रेम करून घेतली. सगळे मिळून साडेतेराशे रुपये झाले. पहिली प्रिंट बिघडली होती, दुसरी मनासारखी आली. पाचपैकी चार स्टार.

फोटो आहे इंग्लंडमधल्या रेडिंगचा. मुलगी-जावई तिकडे असतात. त्या गावात बेनेडिक्टाइन साधूंच्या जुन्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यामुळे माझे पाय तिथेच थबकले. ११२१ साली पहिल्या हेन्री राजाने हा मठ स्थापन केला. ११३५ मध्ये तो नॉर्मंडीत वारला, तरी पुरायला त्याला रेडिंगलाच आणलं. पुढे १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, शेवटचे मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन यांना हालहाल करून मारलं आणि नंतर लोकांनी दगड काढून नेले.

नेला तो घडीव दगड. भिंत दोन्ही अंगांनी घडीव आणि मधे भर, म्हणजे पोकळीत चुन्यात भरलेले ओबडधोबड दगड, आपल्या जुन्या वाड्यांत असते तशीच. तिथे बाहेरची दोन्ही अंगं गेलीत आणि राहिलीय ती नुसती भर, चुन्यात बसवलेले काळे-करडे चकमकीचे दगड. मी हात लावून पाहिलं. एकेक दगड मुठीएवढा, वेडावाकडा, पण चुन्याने घट्ट धरून ठेवलेला. भर म्हणजे कोणी बघत नाही म्हणून हाताला लागेल ते टाकणारे गवंडी मी पाहिलेत. इथल्या माणसाने न दिसणारं काम असं केलं की नऊशे वर्षांनी तेच उभं आहे. मध्यंतरी दगड निखळू लागले म्हणून २००९ मध्ये आत जाणं बंद केलं होतं, दुरुस्ती करून २०१८ मध्ये पुन्हा उघडलं.

आता लॅबचं. पहिली प्रिंट हातात घेतली आणि मला वाईट वाटलं. मशीनने आपोआप रंग सुधारले होते. चुना पिवळा झालेला, दगड एकमेकांत मिसळलेले, भिंत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत. काउंटरवरचा म्हणाला, "काका, छान ब्राइट आलाय की." मी म्हटलं, "बाळा, यातला दगडन्‌दगड मोजता आला पाहिजे." आत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराला मात्र हे लगेच कळलं. त्याने मला शेजारी खुर्ची दिली, ते ऑटो करेक्शन काढलं आणि सावल्या थोड्या उघडल्या. चुन्याचा रंग कसा होता हे त्याने मला तीनदा विचारलं. चकचकीत कागदाऐवजी मॅट घ्या, हेही त्यानेच सुचवलं. दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत.

फ्रेमचा एक कोपरा किंचित उघडा राहिलाय, नख जातं. एक स्टार त्याचा कापला.

तुम्ही गेलात तर व्हॉट्सॲपवरचा फोटो नेऊ नका, मूळ फाईल पेनड्राइव्हवर न्या. आणि काउंटरवर न सांगता आतल्या पोराशेजारी बसून काम करून घ्या.