रिलोकेशन सर्व्हिस: कागदं झाली, माणसांचं काय?

नवऱ्याच्या कंपनीने परदेशात शिफ्ट होताना रिलोकेशन एजन्सी दिली होती, तिच्याबद्दल लिहितेय. कागदपत्रांचं काम एक नंबर. लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्र्या, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यावर निघायच्या आधीच अपोस्टिल करून घ्या म्हणून अक्षरशः मागे लागले (म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का; १९६१ च्या हेग करारातले देश तो मानतात, बाकीकडे एम्बसीचं अटेस्टेशन लागतं) आणि नंतर त्याचा किती उपयोग झाला विचारू नका. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा द्या, घरमालक म्हणतो बँक स्टेटमेंट द्या, जुनी क्रेडिट हिस्टरी तिकडे बहुतेकदा कोणी बघतच नाही, हा गुंता त्यांनी कंपनीचं पत्र देऊन सोडवला.

पण घर मिळालं की त्यांचं काम संपलं, आणि खरं अवघड तिथून पुढे सुरू होतं. डिपेंडंट व्हिसावर (नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे जोडीदाराला मिळतो तो) नोकरी करता येते का हे प्रत्येक देशात वेगळं असतं, मला परवानगी नव्हती आणि हे आधी नीट कोणी सांगितलंच नाही. दिवसभर घरात एकटी, माहेरी आई आजारी आणि मी फक्त व्हिडिओ कॉलवर, फार रडले त्या काळात. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने १९५५ मध्येच लिहून ठेवलंय की परदेशात ६ ते १८ महिने झालेली माणसं सगळ्यात कमी रुळलेली दिसतात, मग एजन्सीचा सपोर्ट सुरुवातीलाच का संपतो?

सर्व्हिस घ्या जरूर, पण जोडीदाराला भाषेचा क्लास, काउन्सेलिंग, वर्क परमिटची माहिती मिळणार का हे सही करायच्या आधी लेखी मागून घ्या.