चेनमॅप आठ महिने वापरून: एका लिस्टने ७२ घरांची बिलं बिघडवली

गणपतीच्या आदल्या शनिवारी रात्री साडेनऊला खजिनदार काकांचा फोन. "अरे, माझ्या बिलात मलबा उचलण्याचे दीड हजार कसले लावलेस? माझ्याकडे तर खिळासुद्धा ठोकलेला नाही." तोवर बिलं छापून वाटून झाली होती. मलबा होता फक्त ए-३०४ चा, त्यांनी बाथरूम फोडलं होतं, पण ३०४ नंतर छापलेल्या प्रत्येक बिलात ते दीड हजार. तीन विंग, ८४ फ्लॅट, त्यातला ३०४ बारावा, म्हणजे ७२ घरांना मिळून १ लाख ८ हजार जास्त लागले. रात्रभर बसून शोधलं आणि दोष निघाला चेनमॅप (अनेक डिक्शनऱ्या एकामागे एक लावून त्यांत शोधणारी पायथन भाषेतली सोय) जिथे होता तिथेच, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फेब्रुवारीपासून सोसायटीची मेंटेनन्स बिलं मी पायथनमध्ये काढतो. तयार सॉफ्टवेअरवाले दर फ्लॅटमागे वर्गणी मागतात, ती मला द्यायची नव्हती, आणि चेनमॅप तर पायथनच्याच कलेक्शन्स मॉड्यूलमध्ये ३.३ आवृत्तीपासून फुकट बसलेलाय, पिप इन्स्टॉल करून वेगळं काही उतरवायला पण नको. रचना साधी, डिक्शनरी म्हणजे नाव (की) आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा साठा: पहिली डिक्शनरी फ्लॅटची, दुसरी विंगची, तिसरी सोसायटीची. दर आधी फ्लॅटमध्ये शोधतो, नाही मिळाला तर विंगमध्ये, नाहीतर सोसायटीत. आणि काही कॉपी होत नाही, मूळ डिक्शनऱ्याच धरून ठेवतो, त्यामुळे एप्रिलमध्ये सिंकिंग फंड बदलला तेव्हा सोसायटीच्या डिक्शनरीत एक आकडा बदलला आणि ८४ घरांना लागू. त्या दिवशी मला हे एवढं आवडलं होतं की ऑफिसात दोघांना बोलावून दाखवलं.

आता मुद्दा. लिहिणं, बदलणं, पुसणं फक्त पहिल्या डिक्शनरीत होतं, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट आहे आणि मी त्यावर डोळे झाकून विसंबलो. बिलाच्या पार्किंगला ५०० दिले की ते फ्लॅटमध्येच जातात, बरोबर. पण "इतर आकार" ही लिस्ट होती, ती सोसायटीच्या डिक्शनरीत रिकामी ठेवलेली, आणि मी केलं बिलाच्या इतर आकारावर अपेंड, म्हणजे लिस्टच्या शेवटी एक नोंद जोडली. इथे चेनमॅपच्या नजरेत मी काही लिहिलंच नाही, फक्त वाचलं. त्याने खाली शोधून सोसायटीची मूळ लिस्ट माझ्या हातात दिली आणि अपेंड त्या लिस्टवर झालं, चेनमॅपला पत्ताच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. इतके महिने कुणाला काही वेगळं लागलं नव्हतं म्हणून हे झाकून राहिलं. अपेंडऐवजी प्लस-इक्वल (+=) लावलं असतं तर आणखी वाईट, ते मूळ लिस्ट वाढवतं आणि वर तीच लिस्ट पहिल्या डिक्शनरीत पण ठेवून देतं, मग शोधताना वाटतं की सगळं फ्लॅटमध्येच आहे.

त्या रात्री मी ठरवलं होतं की चेनमॅप काढून टाकायचा, डबल स्टार (**) वापरून तिन्ही मिळून सरळ एक डिक्शनरी बनवायची. बनवली, चालवली, आणि तेच! ७२ घरांना दीड हजार. कारण ते मर्जसुद्धा वरवरचं, लिस्ट तीच एक राहते. डिक्शनऱ्या जोडायला ३.९ मध्ये आलेली उभी रेघ (|) वापरा, अपडेट वापरा, काही फरक नाही, डीपकॉपीच (आतल्या लिस्टसकट पूर्ण प्रत) करावी लागते. तेव्हा राग अर्धा उतरला. दोष एकट्या चेनमॅपचा नाही हे मान्य. तरी माझी तक्रार उरतेच: "लिहिणं फक्त पहिल्यात" एवढं ठाम सांगता तेव्हा त्याच वाक्याला लागून लिस्टबद्दल सावध करायला हवं, कारण माणूस त्या वाक्याच्या भरवशावरच खालच्या डिक्शनऱ्या निर्धास्त सोडतो.

उपाय दोन केले. एक, सोसायटी आणि विंगमध्ये लिस्ट ठेवायचीच नाही, टपल (बदलता न येणारी यादी) ठेवायचा. टपलला अपेंड नाही, चूक झाली तर तिथल्या तिथे एरर. वाढवायचं तर जुना टपल अधिक नवा टपल करून परत द्यायचा, ते देणं मात्र खरंच पहिल्या डिक्शनरीत जातं. दोन, दर महिन्याला चेनमॅपचं न्यू-चाइल्ड. ते वर एक कोरी डिक्शनरी चढवतं, त्या महिन्याचं सगळं तिच्यात, बिल छापलं की सोडून द्यायची, फ्लॅटच्या कायमच्या नोंदीला हात लागत नाही. आणि पॅरेंट्स मागितलं की त्या कोऱ्या थराशिवायचा चेनमॅप मिळतो, त्यातून मी बिलावर "नेहमीची रक्कम" असा रकाना काढला. काकांना तो रकाना फार आवडला, आता तेच सगळ्यांना दाखवतात.

बाकी किरकोळ. एक्सेलमधला रिकामा सेल ओपनपायएक्सएलमधून (एक्सेल फाइल वाचणारी पायथन लायब्ररी) नन, म्हणजे 'काही नाही', म्हणून येतो, आणि नन असलेली की (डिक्शनरीतलं नाव) चेनमॅपला सापडलेलीच वाटते, खाली सोसायटीच्या दराकडे तो जातच नाही. म्हणून फ्लॅटची डिक्शनरी भरतानाच नन गाळून टाका. विंगला डीफॉल्टडिक्ट (न सापडलेल्या कीला ठरलेली किंमत देणारी डिक्शनरी) तर अजिबात लावू नका, मी इंट (पूर्णांक, म्हणजे शून्य) देऊन लावला होता आणि लिफ्टचा आकार शून्य आला, कारण न सापडणारी की तो स्वतःच तयार करून देतो आणि शोध तिथेच संपतो. जेसन डम्प्सला (माहिती जेसन मजकुरात बदलणारं फंक्शन) चेनमॅप चालत नाही, कारण तो डिक्टचा (पायथनच्या मूळ डिक्शनरीचा) वारस नाही, आधी डिक्ट करून द्या. अनपेक्षित आनंद एकच पण मोठा: कीजचा क्रम शेवटच्या डिक्शनरीपासून लागतो, म्हणजे आधी सोसायटीचे रकाने, मग विंगचे, मग फ्लॅटचे. सगळ्या ८४ बिलांवर सोसायटीचे रकाने न सांगता एकाच क्रमाने आले, त्यासाठी मी वेगळी यादी लिहिणार होतो ती वाचली.

एक गोष्ट अजून खटकते. पार्किंग मी आधी डिक्शनरीतली डिक्शनरी ठेवली होती, दुचाकी आणि चारचाकी. एका फ्लॅटला फक्त चारचाकीचा वेगळा दर दिला तर सोसायटीची पूर्ण पार्किंग झाकली गेली आणि दुचाकीला कीएरर (की सापडली नाही अशी एरर). चेनमॅप आत उतरून जोडत नाही. शेवटी "पार्किंग दुचाकी", "पार्किंग चारचाकी" अशा सपाट कीज केल्या. ऑक्टोबरची बिलं याच रचनेवर काढली, टँकरच्या पाण्याचा आकार फक्त सी विंगच्या डिक्शनरीत टाकला, तो सी विंगच्या २८ बिलांतच आला. वाटण्याआधी काकांनी आणि मी ८४ च्या ८४ हाताने तपासली.