पासिंगपूर्वीचे दरवाजे : अजिंठा चौफुलीजवळील एका डेंटिंग गॅरेजविषयी

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढील ५ वर्षांच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ मधील अर्जाबरोबर गाडीही आरटीओच्या तपासणीला, म्हणजे पासिंगला, न्यावी लागते. ब्रेक, दिवे आणि टायर बहुतेक जण आधीच पाहून घेतात. दरवाजांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या जुन्या हॅचबॅकचा चालकाकडचा दरवाजा उचलून लावावा लागत होता आणि मागचा डावा आतून उघडतच नव्हता, म्हणून जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका लहान डेंटिंग गॅरेजमध्ये ती दाखवली.

येथे मुख्य गिऱ्हाईक काळीपिवळी आणि टेम्पोवाल्यांचे. या वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागत असल्यामुळे मिस्त्रींचा हात दरवाजांवर चांगला बसला आहे. मागच्या दरवाजाचे पॅड खोलण्याआधी त्यांनी कडेवरची चाइल्ड लॉकची कळ तपासली, कारण ती लागलेली असेल तर दार आतून उघडत नाही आणि गिऱ्हाइकाचा खर्च फुकट जातो. आमची कळ मोकळी होती; दोष लॅचमध्येच, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या खटक्यातच निघाला. आतले ग्रीस उन्हाने सुकून धुळीसकट घट्ट बसले होते. ते रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरल्यावर हँडल एका बोटाने चालू लागले.

पुढच्या दरवाजाचे काम खरे पाहण्यासारखे झाले. दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड खालून उचलली की वरच्या बिजागरीतला खेळ हाताला स्पष्ट जाणवत होता. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॅच ज्यात अडकते तो आकडा, नुसता खाली सरकवून दिला होता. त्याने दार लागते खरे, पण झिजलेली बिजागरी तशीच राहते आणि काही काळाने दार पुन्हा लोंबते. शिवाय लॅचला दोन टप्पे असतात आणि दार पहिल्याच टप्प्यावर अडकले तर ते बाहेरून बंद दिसते, पण आतून ढकलताच हलते, हा दोष तपासणीपेक्षाही रस्त्यावर अधिक महागात पडू शकतो. या मिस्त्रींनी बिजागरीची पिन काढून लेथवर नवे पितळी बुश (पिनेभोवती बसणारी नळी) करून आणले, दार चौकटीत सरळ बसवले आणि त्यानंतरच स्ट्रायकर रंगावर उमटलेल्या जुन्या खुणेवर परत नेला. दाराच्या तळाशी असलेली, चिखलाने बुजलेली पाणी निघण्याची छिद्रेही त्यांनी न सांगता तारेने मोकळी केली.

बीडिंगच्या, म्हणजे दाराभोवतीच्या रबरी पट्टीच्या बाबतीत मात्र हे गॅरेज कमी पडते. मूळ रबराऐवजी बाजारात मिळणारी जाड पट्टी लावल्यामुळे दार आपटून लावावे लागू लागले, आणि कागदाची पट्टी दारात धरून ओढली तर वरच्या कोपऱ्यात ती अलगद सुटत होती, म्हणजे तिथे रबर नीट टेकत नव्हते. तक्रार केल्यावर त्यांनी कुरकूर न करता पट्टी काढली. मूळ बीडिंग आम्हाला कंपनीच्या दुकानातून आणून द्यावे लागले.

पासिंगच्या वेळी अधिकाऱ्यांनी चारही दारे आतून-बाहेरून उघडून पाहिली आणि त्यावर कोणताही शेरा आला नाही. मजुरी आधी ठरते आणि तेवढीच घेतली जाते, पण बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि लेथवाल्याच्या सवडीवर काम लांबते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी ६० दिवसांपर्यंत करता येतो, तेव्हा बिजागरीचे काम असेल तर गाडी त्या सुमारासच येथे दाखवावी. केवळ बीडिंगसाठी मी येथे जाणार नाही.